पुढच्याची चूल

दुसऱ्या तराफ्याचे फुगे उंदरांनी कुरतडले, असं मी दोन्ही जावयांना सांगितलं. थोरल्याला शनिवारी, धाकट्याला रविवारी. दोघांनीही विश्वास ठेवला. बिचारे उंदीर! तराफा चांगला धडधाकट होता, शेजारणीच्या माळ्यावर घडी करून ठेवला होता. पण गेल्या उन्हाळ्यात मला सगळे एकाच तराफ्यावर हवे होते, आणि सरळ सांगून ऐकतील अशी ही माणसं नव्हेत.

शनिवार-रविवारची भानगड आधी सांगते. माझ्या दोन मुली, लिदा आणि रिम्मा. तेव्हा दोघी याच पेचोरा गावात राहायच्या, घरं चालत जाण्याइतकी जवळ. तरी तीन वर्षं दोघी एका टेबलाशी जेवायला बसल्या नव्हत्या. लिदा नवऱ्याला आणि लेकीला घेऊन शनिवारी माझ्याकडे यायची, रिम्मा तिच्या नवऱ्याबरोबर रविवारी. माशाची पाई मी दोनदा भाजायची. एकदा कंटाळून शनिवारचीच रविवारी गरम करून वाढली, तर रिम्मा म्हणाली, "म्हणजे आम्हाला शिळं?" घ्या!

भांडण बहिणींचं नव्हतंच मुळी. ते साडूंचं होतं. आणि कशावरून म्हणाल, तर माशांवरून.

थोरला जावई सावेली वनखात्यात होता. बोलायचं तर तोंडाला कुलूप. लग्नाला इतकी वर्षं झाली तरी मला "फाईना मात्वेयेव्हना" अशी पूर्ण नावाने हाक मारायचा, मी त्याची हेडमास्तरीण असल्यासारखी. धाकटा रेनात. तिकडे उफा शहरातून आला, रेल्वेचे सिग्नल दुरुस्त करतो, पहिल्या दिवसापासून मला "आई, आई" करत स्वयंपाकघरात शिरला तो शिरलाच. तोंडाची टकळी बंद नाही. आणि डावखुरा. पूर्वी टेबलाशी दोघं शेजारी बसायचे आणि याचं कोपर त्याच्या कोपराला लागून सावेलीच्या सुपाचा चमचा सांडायचा. सावेली म्हणायचा, "या डाव्याला खिडकीबाहेर बसवा." तेवढाच त्याचा विनोद. पण दर वेळी करायचा, म्हणजे रेनात त्याला आवडत होता.

आवडत होता म्हणूनच तर त्याला वोयू नदीवर नेलं. माझ्या क्लिमने, माझ्या नवऱ्याने, तिथे जंगलात एक लाकडी खोली बांधली होती. तिच्या खाली नदीला एक डोह आहे. त्या डोहात खारियुस मासा असा मिळायचा की क्लिमने मरेपर्यंत ती जागा कुणाला सांगितली नाही. मरताना फक्त सावेलीला सांगितली. सावेलीने रेनातला दाखवली. आणि या शहाण्याने काय केलं? हाताएवढा मासा पकडला, आनंदाने वेडा झाला, फोटो काढला आणि घरी येऊन इंटरनेटवर टाकला. खाली लिहिलं, "माझ्या साडूने शिकवलं!" कौतुकच केलं हो त्याने. पण फोनने फोटोबरोबर जागासुद्धा लिहून टाकली, अगदी वळणासकट.

पुढच्या उन्हाळ्यात वोयूवर जत्रा भरली. सावेली गेला तर डोहाच्या काठावर बाटल्या, जाळी, तुटक्या खुर्च्या. आमच्या खोलीतले फळ्यांचे बाक कुणीतरी चुलीत घातलेले. हे त्याने माझ्या वाढदिवशी, सगळ्यांसमोर, काटा खाली ठेवून सांगितलं. मग रेनातकडे बघून म्हणाला, "सासऱ्यांनी मरताना माझ्या हातात दिलं होतं ते. तू वाटून टाकलंस." रेनातने माफी मागायला तोंड उघडलं, पण सावेली टोपी घालून निघून गेला होता. तेव्हापासून दोघांत एक शब्द नाही. मुलींनी आपापल्या नवऱ्यांची बाजू धरली. आमच्याकडच्या बायका ना! घरात नवऱ्याला उभा-आडवा सोलतील, पण बाहेरच्यासमोर त्याचा केस वाकडा होऊ देणार नाहीत. आणि बहीण झाली बाहेरची.

तेही मी चालवून घेतलं असतं. जन्म गेला चालवून घेण्यात. पण गेल्या वर्षी लिदाने सांगितलं की ऑक्टोबरमध्ये ते दक्षिणेला चालले, कायमचे, समुद्राकाठी घर घेतलंय. तिचे सांधे धरतात, इथली थंडी सोसत नाही. खरं आहे. इथून सगळे एक ना एक दिवस उन्हात जातात. त्याचं मला दुःख झालं, खूप झालं, उशीत तोंड खुपसून रडले. पण त्याहून भीती वाटली. हे दोघे न बोलताच पांगले, तर माझ्या मुली नकाशाच्या दोन टोकांना एकमेकींना विसरतील. मी आहे तोवर शनिवार आणि रविवार तरी आहे. मी गेल्यावर यांना एका टेबलाशी कोण आणणार?

म्हणून तो उंदरांचा बनाव. "ही माझी शेवटची वोयू," मी दोन्ही घरी सांगितलं, आणि डोळे पुसले. डोळे पुसलेलं लागू पडतं.

रेल्वेने, मग सहाचाकी ट्रकने, हाडं खिळखिळी करत आम्ही नदीकाठी पोचलो. तराफा जोडला: दोन लांबट फुगे, वर नळ्यांचा सांगाडा, मधे सामान. निघण्याआधी आपली रीत आहे, सगळ्यांनी सामानावर मिनिटभर गप्प बसायचं. माझे जावई त्यात अगदी पटाईत निघाले.

बसायच्या जागा मी ठरवल्या. पुढे उजव्या फुग्यावर सावेली, डाव्यावर रेनात. मागे त्यांच्या बायका. मी आणि लिदाची उस्तिन्या, दहा वर्षांची, मधे सामानाच्या ढिगावर. तराफ्याचं असं असतं की पुढच्या दोघांनी एका तालात वल्हवलं तरच तो सरळ जातो. नाहीतर गिरकी घेतो. आम्ही पहिल्या दुपारभर गिरक्या घेतल्या. नदीकाठचं एकच लार्चचं झाड मी इतक्यांदा पाहिलं की ओळख झाली.

"उस्त्या," सावेली समोर बघत म्हणाला, "काकाला सांग, डावीकडून जोर लाव."

"काका, बाबा म्हणतात डावीकडून जोर लावा."

"बाबांना सांग, लावतोच आहे. त्यांनीच जरा दम खावा."

"बाबा, काका म्हणतात..."

"ऐकलं मी!"

"मग मला कशाला सांगायला लावता?" उस्तिन्या म्हणाली. पोर शहाणी आहे. माझ्यावर गेली.

मागे बसलेल्या दोघी बहिणी मात्र पहिल्या दिवशीच ढिल्या पडायला लागल्या. एकीच्या जाळीदार टोपीत डास शिरले, दुसरीने ते मारले, जरा जास्तच जोरात मारले, आणि दोघी लहानपणीसारख्या फिदीफिदी हसल्या. मग नवऱ्यांच्या पाठी दिसल्या, तशा गप्प झाल्या. मला त्या दोन पाठींवर वल्हं हाणावंसं वाटलं.

रात्री, म्हणजे इथे उन्हाळ्यात उजेड असतोच तेव्हाही, शेकोटीशी दोघं दोन बाजूंना बसले. मी कुट्टूचा दलिया डब्यातल्या मटणाबरोबर शिजवला आणि म्हटलं, "सावेली, आपण खोलीवर थांबणार ना?"

"नाही, फाईना मात्वेयेव्हना. पुढे जाऊ सरळ."

"माझ्या नवऱ्याने बांधलीय ती."

"म्हणूनच. तिची काय दशा झालीय ते तुम्ही बघू नये. मीसुद्धा त्यानंतर गेलो नाही. बघवत नाही मला."

शेकोटीपलीकडे रेनातने मान खाली घातली आणि चमच्याने रिकामी वाटी खरवडत बसला. एरवी दहा वाक्यं बोलला असता. मला त्याची दया आली आणि रागही आला. बोल की मेल्या, म्हटलं मनात, एकदा बोलून मोकळा हो.

दुसऱ्या दिवशी आभाळ खाली आलं. दुपारनंतर बारीक गार पाऊस सुरू झाला आणि वाऱ्याने बोटं आखडली. आम्ही त्या जागी आलो जिथे नदी दोन खडकांमधून उजवीकडे वळते. अवघड काही नाही. क्लिम इथून शीळ घालत जायचा. फक्त वेळेवर डावीकडून जोर मारावा लागतो.

सावेलीला खडक आधी दिसला. आणि देवाशपथ सांगते, त्या क्षणीही तो काय म्हणाला माहितेय? "उस्त्या, काकाला सांग, डावीकडून, जोरात!"

उस्तिन्या म्हणाली, "काका, बाबा म्हणतात..." आणि फुगा खडकावर चढला.

मग मी पाण्यात. पाणी कसलं, सुऱ्या! अंगातल्या तरंगत्या जाकिटाने मला वर काढलं. तराफा आडवा झाला, पूर्ण उलटला नाही, पण आम्ही सगळे सांडलो. डोळ्यांतलं पाणी निथळलं तेव्हा दिसलं की रेनातने डाव्या हाताने उस्तिन्याची कॉलर धरलीय आणि सावेलीने एका हाताने तराफा नि दुसऱ्याने रेनातचा पट्टा. तिघं एका साखळीत काठाला लागले. लिदा आणि रिम्मा मला ओढत बाहेर आल्या.

माणसं सगळी होती. पण नारिंगी पिशवी नव्हती. तिच्यात तंबू होते, कोरडे कपडे होते, कोरड्या आगपेट्या होत्या. सामानाची उजवी दोरी सावेलीने बांधली होती, डावी रेनातने. मधली गाठ कुणी मारायची हे ठरवायला बोलावं लागतं, ते कोण बोलणार! प्रत्येकाला वाटलं दुसऱ्याने मारली. पिशवी नदीने नेली.

सावेलीच्या लायटरची चकती फिरेना. माझ्या खिशातल्या आगपेटीचा लगदा झाला होता. उस्तिन्या आधी कुडकुडली, मग कुडकुडायची थांबली आणि ओठ निळे पडले, ते मला अजिबात आवडलं नाही. लिदाने तिला अंगाशी धरलं, पण लिदाच ओलीचिंब.

"खोली," रेनात म्हणाला. कुणाकडे न बघता, मोठ्याने. "दोन वळणं खाली आहे."

"तिथे काही उरलेलं नाही," सावेली म्हणाला, आकाशाला. "बाक जाळले. चूलही फोडली असेल. काडी मिळणार नाही तिथे."

"चला," रेनात म्हणाला.

"कशाला? भिंती बघायला?"

"अरे चला म्हणतो ना!" रेनात असा ओरडला की मी दचकले. त्याला मी कधी ओरडताना ऐकलं नव्हतं. "पोर गारठलीय आणि तू काय वाद घालतोस!"

तीन वर्षांतला पहिला शब्द, आणि तो हा. पण सावेली उठला.

त्या दोन वळणांवर ते दोघे कसे वल्हवत होते! एकच हात असल्यासारखे. आधी करायला काय धाड भरली होती?

खोली झाडांत तशीच उभी होती. दाराला बाहेरून काठी टेकवलेली, म्हणजे आत कुणी नाही, या. सावेली दारापाशी थबकला. काठी बाजूला करायला त्याचा हात होईना, ते मला दिसलं. मीच केली.

आत कोरडं होतं. भिंतीला बाक होते, नव्या फळ्यांचे, अजून राळेचा वास येत होता. छताला तारेने टांगलेली पिशवी, उंदरांपासून, खऱ्या उंदरांपासून. आत चहा, मीठ, पावाचे सुकवलेले तुकडे, एक जुनी घोंगडी. चुलीशेजारी फोडलेली लाकडं. आणि चूल लावून ठेवलेली. खाली भूर्जाची साल, वर तासलेल्या काटक्या, वर बारीक लाकडं. काचेच्या बरणीत आगपेटी, अर्धी उघडी, चार-पाच काड्या डोकं बाहेर काढून, गोठलेल्या बोटांना सुद्धा धरता याव्यात अशा. जंगलातल्या प्रत्येक खोलीत जाणाऱ्याने येणाऱ्यासाठी असं ठेवायचं असतं. क्लिम तर निघताना हे झाल्याशिवाय पायात बूट घालू द्यायचा नाही.

सावेली चुलीपुढे गुडघ्यावर बसला. काडी हातात घेतली, ओढायच्या बेतात होता, आणि थांबला. चुलीत हात घालून त्याने एक तासलेली काटकी बाहेर काढली. सुरीने असं तासायचं असतं की ढलप्या सुटत नाहीत, काटकीलाच कुरळ्या होऊन चिकटून राहतात, म्हणजे लगेच पेट घेतात. ती काटकी त्याने उजेडाकडे धरली, फिरवली. दुसरी काढली. तीही बघितली.

"पेटव की रे!" लिदा किंचाळली. "काय बघत बसलास?"

त्याने दोन्ही काटक्या परत ठेवल्या आणि काडी ओढली. पहिल्याच काडीला पेटलं. चूल हुंकारायला लागली, आम्ही पोरीचे ओले कपडे उतरवले, ती पिशवीतल्या जुन्या घोंगडीत गुंडाळली, चहा केला. तिचे ओठ हळूहळू माणसासारखे झाले. "आजी, साखर नाही का?" असं तिने विचारलं तेव्हा मी बाकावर बसून ढसाढसा रडले. हे रडणं खरं होतं.

बऱ्याच वेळाने, अंगातून वाफा निघायला लागल्या तेव्हा, सावेली छताकडे बघत म्हणाला, "खिळे वाकडे मारलेत."

लिदाने पोरीची घोंगडी नीट केली.

"कोपऱ्यातले. तिथून पाणी येईल वसंतात." मग त्याने मान वळवली आणि सरळ रेनातकडे बघितलं. "ढलप्या सगळ्या एकाच अंगाला वळल्यात. उजव्या हाताच्या माणसाने तासल्या तर दुसऱ्या अंगाला वळतात. माझ्या ओळखीचा एकच डावखुरा आहे."

रेनातचे कान लाल झाले.

"कधी आलास?"

"सप्टेंबरात. दर सप्टेंबरात. ते सगळे गेल्यावर." तो आपल्या हातांकडे बघत होता. "पहिल्यांदा नुसता कचरा नेला. दोन खेपा झाल्या. मग बाक केले. छप्पर गेल्या वर्षी. एकट्याने फळी धरायची की खिळा मारायचा? म्हणून वाकडे आहेत."

"मला सांगायचं होतंस."

"तू बोलत होतास का?"

सावेलीने चुलीत एक लाकूड सारलं.

"थांबा, थांबा," रिम्मा उठून उभी राहिली. तिच्या हातात चुलीवर वाळत घातलेला मोजा होता. "दर सप्टेंबरात? तू तर मित्राची मोरी दुरुस्त करायला जातो म्हणायचास! तीन वर्षं मोरी? मला वाटलं तुझी कुणीतरी बाई आहे! मी लिदाकडे जाऊन रडणार होते, पण लिदाशी आमचं बोलणं बंद!" आणि तिने त्याला ओल्या मोज्याने हाणलं. एकदा, दोनदा. लिदा हसायला लागली, रिम्मा हाणता हाणता रडायला लागली, मग लिदाही रडली, आणि दोघी गळ्यात गळे घालून बसल्या. "वेडे, यायचं होतंस ना माझ्याकडे," लिदा म्हणत होती. "बाई असती तर आपण दोघी मिळून तिच्या झिंज्या उपटल्या असत्या."

"मला का नाही सांगितलंस?" रिम्माने नाक पुसत रेनातला विचारलं.

"सांगितलं असतं तर तू लिदाला ऐकू जाईल असं कुठेतरी बोलली असतीस. मग ते माफीसाठी केल्यासारखं झालं असतं." तो सावेलीकडे वळला. "मी मोडलं होतं. मीच नीट करायला हवं होतं. एवढंच."

सावेली उठला, त्याच्या शेजारी बसला. उजव्या बाजूला नव्हे, डाव्या, कोपराला कोपर लागेल असा. थोड्या वेळाने म्हणाला, "सरक जरा, डाव्या." आणि मला कळलं की झालं.

सकाळी ऊन पडलं. दोघे डोहावर गेले आणि मी खिडकीतून बघितलं. मासे पूर्वीइतके राहिले नाहीत, ते खोटं कशाला सांगू. पण काळ्या दगडामागे गळ टाक, असं सावेली हाताने दाखवत होता, आणि रेनात म्हणत होता, "माहितेय मला," आणि सावेली म्हणत होता, "माहितेय म्हणून तर जगाला माहितेय!" आणि दोघे हसत होते. चार मासे मिळाले. उखा, म्हणजे माशाचं सूप, करायला पुरले. मी डाव हातात घेतला, सावेलीने शेवटी जळकं लाकूड त्यात बुडवून धुराचा वास दिला, आणि सगळे एका पातेल्याभोवती बसून जेवलो. एकदा रांधलेलं सगळ्यांनी मिळून खाल्लं, ते तीन वर्षांत पहिल्यांदा.

नदीच्या शेवटच्या दिवशी, तराफ्यातली हवा सोडताना, मी सावेलीला हळूच विचारलं, "आता तरी राहाल का रे?" विचारायला नको होतं. पण तोंड माझं.

"नाही, आई," तो म्हणाला. "लिदाला रात्री झोप येत नाही दुखण्याने. जायला हवं." तो "आई" म्हणाला हे त्याच्याही लक्षात आलं नाही. मी मान फिरवली आणि फुग्यावर बसून हवा दाबत राहिले.

ऑक्टोबरात गेले. स्टेशनवर बहिणी एकमेकींना सोडेनात, गार्ड वैतागला. आता रोज संध्याकाळी रिम्माच्या घरचा फोन वाजतो आणि तो तिला मिळतच नाही, दोन साडू नदीच्या गप्पा मारत बसतात. ज्याचं तोंड उघडत नव्हतं तो तिथे समुद्राकाठी बसून तासभर बोलतो. लिदा म्हणते, "समुद्रात मासे आहेत, पण त्याला ते आवडत नाहीत. म्हणतो, चव नाही."

माझी शेवटची वोयू मी या उन्हाळ्यात पुन्हा केली. रेनात, रिम्मा आणि मी. उंदरांनी कुरतडलेला तराफा बाहेर काढला. रेनातने तो सगळीकडून तपासला, एक भोक सापडलं नाही. माझ्याकडे बघितलं. मी पाईचं पीठ मळत होते, मी काही बघितलं नाही.

खोलीवर आम्ही भिजून पोचलो. गेल्या सप्टेंबरात रेनातचं अपेंडिक्सचं ऑपरेशन झालं होतं, त्यामुळे तो येऊ शकला नव्हता, आणि वाटेत सारखं तेच बोलत होता: गेल्या वेळी लावलेली चूल कुणी वापरली असेल, आता रिकामी असेल, मी कुणाला तरी सांगायला हवं होतं. दाराला काठी टेकवलेली होती. आत गेलो. रेनातने आधी छताकडे बघितलं, सवयीने, आणि तसाच उभा राहिला.

"आई, खिळे," तो म्हणाला.

कोपऱ्यातले वाकडे खिळे कुणीतरी उपटून सरळ करून पुन्हा मारले होते. एका ओळीत.

तो चुलीपुढे बसला. चूल लावलेली होती. खाली भूर्जाची साल, वर तासलेल्या काटक्या. त्याने एक बाहेर काढली आणि दाराच्या उजेडात धरली. ढलप्या दुसऱ्या अंगाला वळल्या होत्या.

त्याच सप्टेंबरात सावेली घरातलं सामान बांधत होता, निरोपाच्या भेटी घेत होता. मधे एकदा आठवडाभर दिसला नाही, तर लिदा म्हणाली, ऑफिसचं काहीतरी उरकायचंय. मला तेव्हा काही वाटलं नाही. फोनवर एवढ्या गप्पा, पण हे त्याने कधी सांगितलं नाही. कोण येणार, कधी येणार, त्याला काय ठाऊक? पण पुढच्यासाठी लावून गेला.

रेनात काटकी हातात घेऊन बसून राहिला. मग त्याने फोन काढला आणि चुलीचा फोटो घेतला.

"ए," मी म्हटलं, "फोनमधलं ते जागेचं बंद आहे का?"

"कधीच बंद केलंय, आई." त्याने नाक ओढलं. "फक्त त्याला पाठवणार. गावात गेल्यावर."

"पाठव. आणि आता पेटव."

"राहू दे ना ही. मी दुसरी तासतो. ही त्याने..."

"अरे मेल्या, त्याने ती बघायला ठेवलीय का?" माझा आवाज चिरकला, चिरको. "तो तिकडे उन्हात बसलाय. थंडी आपल्याला वाजतेय. त्याने आपल्यासाठीच ठेवलीय. पेटव!"

त्याने डाव्या हाताने काडी ओढली. पहिल्याच काडीला पेटलं.